डिजिटल चेस क्लॉक, आठ महिने वापरून: लाकडी मोहरे नंतर घ्या, आधी घड्याळ घ्या

फोंड्याला आम्ही दहा-बारा जण दर रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बुद्धिबळ खेळायला जमतो, कोण निवृत्त मास्तर, कोण बँकेत, दोन कॉलेजची पोरं, एक फार्मसीवाला, चार-पाच शाळेतली मुलं आणि मी. रेटिंग म्हणाल तर मोठे सगळे चौदाशे ते सोळाशेच्या मधले, म्हणजे ओपनिंगच्या दहा चाली पाठ असतात, एंडगेम कधीतरी वाचलेलं असतं पण ऐन वेळेला आठवेलच असं नाही. (फिडे म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटना, तिनं 2024 च्या मार्चमध्ये रेटिंगची खालची मर्यादाच 1400 केली, त्यामुळे चौदाशे ही आता सगळ्यात खालची पायरी आहे, नवीन आईबाबांना हे माहीत नसतं म्हणून सांगितलं.) तर या आमच्या गटासाठी मी डिसेंबरमध्ये एक डिजिटल घड्याळ ऑनलाइन मागवलं, दोन हजारांच्या थोडं वर गेलं, आणि आता पावसाळा बघून झाल्यावर लिहितेय. ब्रँड आणि विकणाऱ्याचं नाव लिहीत नाहीये कारण एक तक्रार पण आहे, आणि मला जे सांगायचंय ते कुठल्या एका ब्रँडपुरतं नाहीच.

आधी आमच्याकडे काय होतं ते सांगते नाहीतर फरक कळणार नाही. चावीचं जुनं लाकडी घड्याळ, दोन खेळाडूंच्या दोन तबकड्या, वर दोन बटणं (चाल केली की आपलं दाबायचं, मग समोरच्याची वेळ सुरू) आणि बाराच्या जवळ ती लाल पट्टी, फ्लॅग. काटा बाराकडे सरकला की फ्लॅग वर उचलला जातो आणि बारा झाले की खाली पडतो, पडला की वेळ संपली. दिसायला सुंदर होतं, टिकटिक ऐकत खेळायला मलाही आवडायचं, पण गोव्याच्या हवेत त्याची स्प्रिंग गंजत गेली आणि डावीकडची तबकडी तासाला दोन-तीन मिनिटं मागे पडायला लागली. कोण डावीकडे बसणार यावरून सुद्धा मुलांची भांडणं.

पण खरा प्रॉब्लेम गंजाचा नव्हता. त्या घड्याळात वेळ फक्त कमी होत जाते, वाढत कधीच नाही. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात माझा आणि सरांचा डाव होता, सर म्हणजे आमच्यातले सगळ्यात मुरलेले खेळाडू, हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. प्रत्येकी एक तास, पुढे काही नाही. शेवटी त्यांच्याकडे हत्ती आणि एक प्यादं, माझ्याकडे नुसता हत्ती, पण माझा राजा त्या प्याद्याच्या बरोबर समोर. हा ड्रॉ आहे. मला माहीत होतं ड्रॉ आहे, सरांना माहीत होतं, बाजूला उभ्या असलेल्या पोराला पण माहीत होतं, आणि माझ्या घड्याळात चाळीस सेकंद. हात मोहऱ्यावरून बटणावर आणि बटणावरून मोहऱ्यावर नुसता पळत होता, आणि फ्लॅग पडला. नियम स्पष्ट आहे, वेळ संपली की हार, फक्त समोरच्याला कुठल्याच नियमात बसणाऱ्या चालींनी मात करता येणं शक्य नसेल तरच ड्रॉ. हत्ती आणि प्यादं असताना मात शक्य असतेच. सरांनी हात मिळवला, तोंड मात्र त्यांचंही पडलं होतं. मी घरी येऊन दुपारभर कोणाशी बोलले नाही.

त्यावरचा उपाय माजी विश्वविजेत्या बॉबी फिशरनं काढून ठेवलेला आहे. प्रत्येक चालीला ठराविक सेकंद जमा होणारं घड्याळ, त्यानं 1988 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, 1989 मध्ये पेटंट मिळालं, आणि 1992 मध्ये स्पास्कीबरोबरच्या परतीच्या सामन्यात तेच वापरलं. आज त्यालाच सगळे इन्क्रिमेंट म्हणतात. 2025 च्या नोव्हेंबरात बुद्धिबळाचा वर्ल्ड कप इथे गोव्यात, आपल्या हडफड्याला झाला, 206 खेळाडू, तेव्हा आमचा अख्खा ग्रुप महिनाभर युट्यूबला चिकटलेला, फायनल सिंदारोव आणि वेई यी यांच्यात झाली आणि निकाल रॅपिड टायब्रेकमध्ये लागला. लेव्हॉन अरोनियन पण खेळायला आला होता, जो 2002 मध्ये गोव्यातच वर्ल्ड ज्युनियर जिंकून गेला होता, सरांना त्याचं फार अप्रूप. आम्ही बघत काय होतो तर स्क्रीनच्या कोपऱ्यातले ते आकडे, चार सेकंद, चाल, परत तीसच्या वर, चाल, परत खाली. जगातले मोठमोठे खेळाडू त्या तीस सेकंदांवर डाव ओढून नेतात आणि आमच्या हॉलमध्ये आम्ही फ्लॅगच्या हातात जीव देऊन बसतो. सिंदारोव जिंकला त्या आठवड्यातच मी वर्गणी काढली.

आता घड्याळ. पहिला पीस खराब आला. या घड्याळात बटणांऐवजी वर एक दांडी असते, उजवीकडून ती जोरात दाबली की लागायची, हळू दाबली की आवाज यायचा पण वेळ माझीच चालू. बुद्धिबळात यापेक्षा वाईट खोट नाही, कारण तुम्ही चाल करून निवांत समोरच्याकडे बघत बसता आणि तुमचीच मिनिटं वाहून जात असतात. व्हिडिओ काढून पाठवला, आधी म्हणाले सेल बदला, मग म्हणाले सेटिंग चुकलं असेल, मग परत व्हिडिओ, असं करत अकरा दिवसांनी दुसरा पीस आला. तो मात्र आजपर्यंत एकदाही चुकलेला नाही. तुम्ही घेतलंत तर पहिल्याच दिवशी दोन्ही बाजू पन्नास-पन्नास वेळा दाबून बघा, लहान मुलानं दाबावी तशी हळू, आणि ते झाल्याशिवाय खोका फेकू नका.

दुसरी गोष्ट, सेटिंग. बरोबर आलेलं माहितीपत्रक इंग्रजीत आणि इतकं बारीक की सरांनी भिंग आणलं. वीस-पंचवीस मोड आहेत आणि त्यात बोनस वेगळा, डिले वेगळा, हे नीट वाचा. बोनसमध्ये प्रत्येक चालीला सेकंद मिळतात आणि उरले तर साठतात. डिलेमध्ये सेकंद मिळतात पण साठत नाहीत, लवकर चाल केलीत तरी तुमची वेळ होती तेवढीच राहते, वाढत नाही. आम्ही पहिल्या रविवारी चुकून डिले लावला आणि दोन पोरं पंधरा मिनिटं अधिक दहा सेकंद समजून खेळली, आकडा वर काही चढेना, त्यांना वाटलं घड्याळ बिघडलं. आता मी खाली चिठ्ठी चिकटवलीय मराठीत, कुठला नंबर म्हणजे किती मिनिटं किती सेकंद, आणि वर सेलोटेप. ही चिठ्ठी नसती तर घड्याळ अर्ध्या लोकांनी वापरलंच नसतं.

आता ज्या डावासाठी मी खरं तर हे लिहायला बसले तो सांगते. जुलैचा रविवार, बाहेर पाऊस असा की समोरचं देऊळ दिसत नव्हतं, परत मी आणि सर. साठ मिनिटं अधिक तीस सेकंद, पहिल्या चालीपासून. सर पांढरे. ई4 ई5 (ही पटावरच्या घरांची नावं, उभ्या ओळीला अक्षर, आडव्या रांगेला आकडा), दोन्हीकडचे घोडे बाहेर, उंट सी4, माझा उंट सी5, मग सी3, डी3, दोघांचं कॅसलिंग, इटालियन ओपनिंगचा तो संथ प्रकार जो सर तीस वर्षं खेळतायत आणि ज्यात पंधराव्या चालीपर्यंत एकही मोहरा पडत नाही. मी सुरुवात करताना म्हटलं, सर तुमी आज घाईत नाय ना, तर म्हणाले, "घाय कसली गो बाय, बाजारात नुस्तें खंय आसा." नुस्तें म्हणजे मासे, आणि जुलै म्हणजे ट्रॉलर बंद, सरांचा रविवार मोकळा.

सत्ताविसाव्या चालीला माझ्याकडून ती चूक झाली. बी8 वरचा हत्ती ई8 ला आणायचा हे डोक्यात दोन चाली आधीपासून बसलेलं, हात पुढे गेला, बोटं हत्तीच्या डोक्यावर टेकली आणि तेव्हा दिसलं की बी7 चं प्यादं फक्त हाच हत्ती राखतोय आणि सरांचा वजीर बी3 वरून सरळ त्याच्याकडे बघतोय. बोटं तिथेच. टच मूव्ह. हात लावला तो मोहरा खेळायचाच, आणि बी8 वरचा हत्ती कुठेही गेला तरी प्यादं जाणारच. मी नऊ मिनिटं तशीच बसले, बोटं काढून हात मांडीवर ठेवले, हत्तीसाठी चौकोन शोधत. शेवटी ई8 लाच ठेवला, दांडी दाबली. सरांनी प्यादं मारलं, स्कोअरशीटवर लिहिलं, काही बोलले नाहीत. पावसानं कागद इतका सर्द झालेला की बॉलपेन घासून घासून लिहावं लागत होतं.

चौतिसाव्या चालीला लाईट गेली. इथे घड्याळाची मोठी उणीव कळली, स्क्रीनला आतून उजेड नाही. भर पावसात खिडक्या लावलेल्या, हॉलमध्ये संध्याकाळ झाल्यासारखं, मोहरे कसेबसे दिसत होते पण आकडे अजिबात नाहीत, आणि आमचे मोबाईल खेळताना बंद करून टेबलावर ठेवलेले असतात. मधलं पॉजचं बटण तेवढं चांगलं मोठं आहे, अंधारात सुद्धा हाताला लागतं, ते दाबून दोघांनी हात वर केले. फार्मसीवाल्यानं खालून इमर्जन्सी लॅम्प आणला, तोवर चहा झाला, मग परत पॉज काढला तर ज्याची वेळ चालू होती त्याचीच सुरू झाली, सेकंदाचाही फरक नाही. जुन्या घड्याळात हे करताना दोन्ही बटणं अर्धी दाबून अडकवायला लागायची आणि सोडताना कोणाची सुरू झाली यावर वाद.

चाळिसाव्या चालीला माझ्याकडे सहा मिनिटं, सरांकडे अठरा. मोहरे पडत गेले, वजीर गेले, एक एक प्यादं गेलं आणि बावन्नाव्या चालीला माझ्यासमोर काय उरलं तर मागच्या वर्षीचंच चित्र. सरांचा राजा डी5, प्यादं ई5, हत्ती ए7 वर. माझा राजा ई8, हत्ती एच6. माझ्या घड्याळात सत्तेचाळीस सेकंद.

ही जागा अठराव्या शतकातल्या फिलिडोर नावाच्या फ्रेंच खेळाडूच्या नावानं ओळखली जाते आणि क्लबमध्ये खेळणाऱ्या प्रत्येकानं ती हातात बसवून घ्यायला पाहिजे. तुमचा राजा प्याद्यासमोर, तुमचा हत्ती तुमच्या बाजूनं तिसऱ्या रांगेत, म्हणजे काळ्यांकडून खेळत असाल तर पटावरच्या सहाव्या. त्या रांगेवर हत्ती आहे तोवर समोरचा राजा पुढे पाऊल टाकू शकत नाही. तुम्ही काही करायचं नाही, हत्ती त्याच रांगेत इकडून तिकडे सरकवत राहायचा. कंटाळून त्यानं प्यादं सहाव्या रांगेत ढकललं की त्याच क्षणी हत्ती खाली समोरच्याच्या पहिल्या रांगेत न्यायचा आणि मागून शह द्यायला सुरुवात करायची, कारण आता राजाला लपायला प्याद्याच्या पुढची जागाच राहिली नाही, ती प्याद्यानंच घेतली.

मागच्या वर्षी हेच मला येत होतं. येत असून हरले. आता एच6 वरून हत्ती जी6 ला सरकवला, चाल लिहिली, दांडी दाबली, पाच-सहा सेकंद गेले असतील, आणि आकडा एक मिनिट अकरावर. सर विचार करतायत, राजा इकडे आणतायत, हत्ती बी7 ला, परत ए7 ला, मी जी6, एच6, बी6, प्रत्येक वेळी लिहायचं, दाबायचं, आणि प्रत्येक वेळी वीस-पंचवीस सेकंद शिल्लक पडून साठत जातायत. एक मिनिट पस्तीस. दोन मिनिटं. मला तो आकडा अजून डोळ्यासमोर दिसतो, काळ्या जाड अक्षरात, वर वर चढणारा. बारा चालींनंतर माझ्याकडे साडेपाच मिनिटं होती आणि छातीतली धडधड पूर्ण थांबलेली. ज्याला उत्तर माहीत आहे त्याला घड्याळ वेळ परत देतं, तेवढी एकच गोष्ट मला हवी होती.

पासष्टाव्या चालीला सरांनी प्यादं ई6 ला ढकललं. मी हत्ती एच6 वरून एच1 ला. राजा डी6, शह डी1 वरून. राजा ई5, शह ई1 वरून. राजा एफ6, शह एफ1 वरून. एकाहत्तराव्या चालीला सरांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "ड्रॉ मगो?" मी हो म्हटलं. मग त्यांनी मोहरे परत लावले आणि तीच जागा शाळेच्या मुलांना बोलावून दोनदा करून दाखवली, मला सांगायला लावलं. पावणेदोन वाजले होते, खाली भाजी-पाव संपलेला, तरी कोणी घरी जायला उठलं नाही.

आता बाकीचं भराभर. दोन पेन्सिल सेलवर चालतं, आठ महिन्यांत एकदाच बदलले, पण सेल आत ठेवून विसरू नका, आपल्याकडच्या दमट हवेत पट्ट्यांवर हिरवा कळंक चढतो, जूनमध्ये आमचं एकदा बंदच पडलं आणि खोडरबरानं पट्ट्या घासल्यावर सुरू झालं. रविवार संपला की सेल काढून घड्याळ घट्ट डब्यात, तांदळाची छोटी पुरचुंडी टाकून. मागचं सेलचं झाकण फार तकलादू आहे, त्याची एक बाजू मोडली, आता रबर लावलंय. आवाज बंद करता येतो, कराच, नाहीतर प्रत्येक दाबण्याला टुक वाजतं आणि शेजारचे बोर्ड वैतागतात. दांडी मात्र छान आहे, रुंद, जिकडे वर आहे तिकडची वेळ चालू हे लांबूनही कळतं, आणि ज्या हातानं चाल त्याच हातानं घड्याळ ही सवय मुलांना लावायला ती मदत करते.

वेळ हातानं दुरुस्त करणं मात्र त्रासाचं. मुलांच्या डावात कोणी नियमाबाहेरची चाल केली की समोरच्याला दोन मिनिटं वाढवून द्यायची असतात आणि तशी दुसऱ्यांदा झाली तर डाव गेला. ती दोन मिनिटं वाढवायला या घड्याळात पॉज, मग तीन सेकंद एक बटण धरून ठेवा, मग एक एक आकडा पुढे सरकवत न्या, चुकून पुढे गेलात तर परत पहिल्यापासून. मी सोडून कोणाला जमत नाही, आणि मी नसले की मुलं दोन मिनिटं तशीच सोडून देतात, जे चुकीचं आहे. घेताना या बटणांची पद्धत दुकानात किंवा व्हिडिओत बघूनच घ्या.

मोहऱ्यांबद्दल विचारतात म्हणून. गोव्यात रोजच्या खेळाला जड प्लॅस्टिकचे घ्या, राजा साधारण साडेनऊ सेंटिमीटरचा, आणि गुंडाळायचा व्हिनाइलचा पट. माझ्याकडे शिसवीचा सुंदर सेट आहे, दर पावसाळ्यात त्याच्या तळाच्या मखमलीला बुरशी येते आणि घडीचा लाकडी पट तर मधोमध उचलला गेलाय, उंट ठेवला की डुलतो. तो मी दिवाळीला काढते.

पाचपैकी चार देते, एक कापला तो पहिल्या खराब पीसचा, अकरा दिवसांचा आणि त्या झाकणाचा. आतून उजेड असलेलं घड्याळ याच किमतीत कोणाला मिळालं असेल तर खाली जरूर सांगा. सरांनी घरी नातवाबरोबर खेळायला एक मागवायला सांगितलंय, आणि चिठ्ठी मोठ्या अक्षरात लिहून द्यायला.